परराज्यातली गाडी महाराष्ट्रात आणताना: एनओसी, टॅक्स आणि नवा नंबर

नोकरी बंगळुरूहून पुण्याला बदलली आणि सामानाच्या ट्रकपाठोपाठ केए पासिंगची गाडीही आली, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हमखास सांगतं, "आधी तिकडची एनओसी काढून टाक." हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, हा या कामाचा मधला टप्पा आहे. त्याआधी गाडीचा नंबर बदलायची गरज आहे का, बदलायचा तर कोणत्या आरटीओत आणि त्यासाठी टॅक्स किती भरावा लागेल, हे ठरलेलं असलं पाहिजे. एकदा एनओसी निघाली की जुन्या आरटीओत त्या गाडीची बाकी कामं अडतात, नव्या आरटीओत ती अजून दाखल झालेली नसते आणि मधल्या काळात बेत बदलला तर परत फिरणं त्रासाचं होतं.

बारा महिन्यांचा नियम नेमका काय आहे

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर मालकाने त्या दुसऱ्या राज्याचा नोंदणी क्रमांक घेण्यासाठी अर्ज करायचा. यातला "ठेवली" हा शब्द महत्त्वाचा. मालकाच्या आधारवर कुठला पत्ता आहे, यावर हे बारा महिने मोजत नाहीत. गाडीचा मुक्काम कुठे आहे, यावर मोजतात. बेळगावात राहून रोज चंदगडला कामाला येणाऱ्याची केए-२२ गाडी किंवा सावंतवाडीत राहून पणजीला जाणाऱ्याची एमएच-०७ गाडी रोज हद्द ओलांडत असली, तरी रात्री आपल्याच राज्यात उभी असते. तिला नंबर बदलायचं कारण नाही.

म्हणून सहा-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी आलेल्या माणसाने काहीही करू नये. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पीयूसी आणि लायसन्स चालू ठेवावं. ही कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर दाखवली तरी चालतात. पण गाडी राज्यात केव्हा आली याचा पुरावा मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा, कारण रस्त्यात अडवल्यावर "गाडी कधीपासून इथे आहे?" हाच प्रश्न येतो आणि तोंडी उत्तराला वजन नसतं. फास्टॅगचं स्टेटमेंट सर्वांत सोपं. त्यात हद्दीजवळच्या टोलनाक्याचं नाव आणि तारीख येते. गाडी ट्रेलरवर आली असेल तर वाहतूकदाराची बिल्टी, दुचाकी रेल्वेने आली असेल तर पार्सलची पावती. बदलीचं पत्र आणि भाडेकरारही जोडीला असू द्या.

राज्यांचे टॅक्सचे कायदे वेगवेगळे असल्याने बारा महिन्यांच्या या नियमाशी त्यांची अधूनमधून टक्कर होते. कर्नाटकाने २०१४ मध्ये परराज्यातल्या गाडीला आजीवन कर लावण्याची मुदत तीस दिवसांवर आणली होती. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती तरतूद रद्द केली. महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी म्हणूनच केंद्रीय कायद्यासोबत त्या राज्याचा कर कायदाही पाहून ठेवावा.

राज्यातल्या राज्यात घर बदललं, म्हणजे पुण्याहून नागपूरला गेलात, तर यातलं काहीच लागत नाही. एमएच-१२ नंबर तसाच राहतो. कलम ४९ प्रमाणे तीस दिवसांत फॉर्म ३३ भरून पत्ता बदलून घ्यायचा. लायसन्सही देशभर चालतं. गाडीचा नंबर बदलला म्हणून ते बदलावं लागत नाही.

एक अडचण विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेहमी येते. मोटारसायकल वडिलांच्या नावावर बिहारची किंवा मध्य प्रदेशची, आणि मुलगा पुण्यात चार वर्षं शिकणार. बारा महिने झाले की नियम लागू होतो, पण नव्या नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा मालकाचा लागतो आणि मालक तर तिकडे गावी. अशा वेळी एनओसीबरोबरच गाडी मुलाच्या नावावर करणं हाच व्यवहार्य मार्ग. त्यासाठी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर वडिलांच्या सह्या एनओसी काढतानाच घेऊन ठेवा, नाहीतर त्या सह्यांसाठी कागद पुन्हा गावी पाठवावे लागतात.

आधी टॅक्सचा हिशेब

महाराष्ट्रात खासगी गाडीला एकरकमी कर आहे आणि तो देशातल्या जड करांपैकी एक आहे. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. दुचाकीला इंजिनच्या क्षमतेनुसार १० ते १२ टक्के. मोटार कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल तर सरळ २० टक्के. सीएनजी-एलपीजी गाड्यांचे दर पेट्रोलपेक्षा कमी आहेत, पण २०२५ च्या अर्थसंकल्पात ते एक टक्क्याने वाढले आणि त्याच वेळी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली.

परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला हा पूर्ण कर लागत नाही. गाडीचं वय जसं वाढतं तशी भरायची टक्केवारी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे खाली येते. मात्र मूळ आधार राहतो तो गाडी नवी घेतली तेव्हाच्या किमतीचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात लोक इथेच फसतात. २० लाखांची डिझेल एसयूव्ही दिल्लीत सहा-सात लाखांना मिळते. तिथे डिझेल गाड्यांना दहा वर्षांची आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा असल्यामुळे मालक पडेल भावात काढतात. घेणारा मनात सहा लाखांवर टॅक्स धरतो आणि आरटीओ वीस लाखांवरून हिशेब सुरू करतं. त्यात डिझेलचा दर. वाहतूक खर्च, एजंट आणि दुरुस्ती धरली की स्वस्ताई बरीचशी विरून जाते. म्हणून सौदा पक्का करण्याआधी मूळ बिलाची प्रत मागा, त्यावरची किंमत आणि नोंदणीची तारीख घ्या आणि ज्या आरटीओत नोंदणी करणार तिथून कराचा अंदाज काढून घ्या. बिल हरवलं असेल तर मूळ डीलरकडून दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी विकणाऱ्याचंच पत्र लागतं. गाडी ताब्यात घेतल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मिळतो, पण तो नंतर, आणि त्या राज्याच्या तक्त्याप्रमाणे. दोन्ही राज्यांचे तक्ते जुळत नाहीत. त्यामुळे परतावा आणि नवा कर यांची बरोबरी होईल असं समजू नका. आधी खिशातून पूर्ण रक्कम जाणार हे धरूनच चाला.

करापुढे सरकारी फी किरकोळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ८१ प्रमाणे नव्या नोंदणी क्रमांकासाठी दुचाकीला ३०० आणि मोटारीला ६०० रुपये, नाव बदलायचं तर त्याच्या निम्मे, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर दुचाकीला ५०० आणि मोटारीला १,५०० रुपये. स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. एजंट "टॅक्स आणि फी मिळून इतके" असा एकच आकडा सांगत असेल तर दोन्ही पावत्यांची रक्कम सुटी मागा.

बीएच नंबर घ्यावा का

दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांसाठी भारत मालिकेची सोय १५ सप्टेंबर २०२१ पासून आहे. नंबर असा दिसतो: २३ बीएच १२३४ एए. पहिले दोन अंक नोंदणीचं वर्ष. संरक्षण दल, केंद्र किंवा राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना तो मिळतो. सरकारी कर्मचाऱ्याला ओळखपत्र पुरतं. खासगी नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म ६० मध्ये प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हा मोटार वाहन नियमांतला फॉर्म ६०. पॅन नसलेल्यांनी भरायचा आयकर खात्याचाही एक फॉर्म ६० आहे आणि आरटीओच्या कागदपत्रांच्या यादीत तोही असतो. दोन्हींची गल्लत होऊन अर्ज परत येतात, तेव्हा एचआरकडे मागताना "बीएच नोंदणीचा" असं स्पष्ट लिहा.

कराचा दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० टक्के आणि त्यापुढे १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. तो एकदम भरायचा नसतो. दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीत भरायचा. चौदा वर्षांनंतर दरवर्षी. पुढचा हप्ता चुकला तर सात दिवसांच्या सवलतीनंतर रोज १०० रुपये दंड चढतो आणि तो कुणी आठवण करून देईपर्यंत वाढतच राहतो. फोनमध्ये दोन वर्षांनंतरच्या तारखेचा गजर लावून ठेवा, एवढंच याला औषध.

डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या नंबरची जुनी गाडीही पात्र मालकाला बीएचमध्ये नेता येते, आणि बीएच गाडी अपात्र माणसाला विकताही येते. मग घेणाऱ्याला आपल्या राज्याचा नंबर आणि कर घ्यावा लागतो. नुसता पहिला हप्ता कमी दिसतो म्हणून मात्र बीएच घेऊ नये. एकाच शहरात दहा-बारा वर्षं राहणार असाल, तर दर दोन वर्षांचं ते झंझट कशासाठी? आणि गाडी लीजवर असेल, म्हणजे आरसीवर मालक म्हणून लीज कंपनीचं नाव असेल, तर तुमच्या नोकरीच्या आधारावर तुम्ही स्वतः अर्ज करू शकत नाही.

एनओसीआधी साफसफाई

जायचं ठरलं की पुढची कामं एनओसीच्या अर्जाआधी उरकायची.

परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मोबाइल क्रमांक तुमचाच आहे का ते पाहा. सगळे ओटीपी तिकडे जातात. जुन्या मालकाचा किंवा शोरूमच्या पोराचा नंबर टाकलेला सापडणं नवीन नाही.

आरसीवरचं नाव आधारशी ताडून बघा. दक्षिणेकडच्या आरसींवर नाव आद्याक्षरांत असतं: "एस व्ही कुलकर्णी". आधारवर पूर्ण नाव. महाराष्ट्रातल्या खिडकीवर ही दोन माणसं ठरतात. दुरुस्ती जुन्या आरटीओत सोपी. इथे आल्यावर प्रतिज्ञापत्र आणि फेऱ्या.

ई-चलनं भरा. दोन्ही राज्यांतली. वाहतूक पोलिसांचं दोनशे रुपयांचं चलन राहिलं तरी अर्ज पुढे सरकत नाही.

कर्ज चालू असेल तर बँकेकडून ना-हरकत पत्र घ्या, पण कोणतं ते नीट सांगा. बँकेच्या दोन वेगळ्या एनओसी असतात. एक कर्ज फिटल्याची, ती फॉर्म ३५ बरोबर येते आणि तिच्यावर बोजा उतरतो. दुसरी कर्ज चालू असताना गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला परवानगी देणारी. शाखेतला माणूस सवयीने पहिलीचीच चौकशी करतो आणि "कर्ज फेडल्यावर या" म्हणून परत पाठवतो. अर्जात "आंतरराज्य नोंदणीसाठी, बोजा कायम ठेवून" असे शब्द घाला, गंतव्य आरटीओचं नाव घाला आणि एनओसीच्या अर्जाच्या फॉर्म २८ वरच्या वित्तपुरवठादाराच्या रकान्यात शिक्का-सही घ्यायला विसरू नका.

गाडीत नंतर सीएनजी किट बसवलं असेल किंवा रंग बदलला असेल तर त्याची आरसीवर नोंद आहे का? नसेल तर तीही जुन्या आरटीओतच करून घ्या. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर आधी फॉर्म २५ वर नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी आता मोटारीला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये आहे, आणि उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो.

एनओसी: फॉर्म २८

परिवहन पोर्टलवर वाहनविषयक सेवांत जुनं राज्य आणि आरटीओ निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं टाका, एनओसीचा पर्याय घ्या. चेसिस क्रमांक सतरा चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. तेव्हा गोल दिसलं ते शून्य आणि उभी रेघ दिसली ती एक.

सर्वांत जपून भरायचा रकाना म्हणजे गंतव्य आरटीओ. "महाराष्ट्र" एवढंच पुरत नाही. नेमकं कार्यालय द्यावं लागतं. पुण्यात नोकरी म्हणून एमएच-१२ लिहिलं आणि घर घेतलं वाकडला, तर ते पिंपरी-चिंचवडचं एमएच-१४. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा आणि बोरिवली अशी चार कार्यालयं, शिवाय ठाणे आणि वाशी वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४० नुसार राहत्या राज्यातल्या कुठल्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे जाता येतं असं कायदा म्हणतो, पण एनओसीवरचं कार्यालय आणि पत्त्याच्या पुराव्यावरचं कार्यालय वेगळं निघालं तर खिडकीवर वाद घालण्यात दिवस जातो. म्हणून घराचा भाडेकरार नोंदवून झाल्यावरच एनओसीचा अर्ज करा.

फॉर्म २८ च्या चार प्रती काढून ठेवा, काही कार्यालयं तीनच घेतात. प्रत्येक प्रतीवर चेसिस प्रिंट लागते आणि हे काम लोक एजंटला पैसे देऊन करून घेतात, खरं तर दहा मिनिटांचं आहे. बऱ्याच छोट्या मोटारींत क्रमांक पुढच्या सीटजवळच्या कार्पेटखाली फ्रेमवर किंवा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. स्टिकरवरचा किंवा रिव्हेट केलेल्या पट्टीवरचा चालत नाही. ठोकलेली जागा आधी कापडाला थोडं रॉकेल किंवा पेट्रोल लावून पुसा आणि वाळू द्या. मऊ पेन्सिल आडवी धरून अंकांवरून घासा म्हणजे शिसं बसेल. त्यावर रुंद, पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून नखाने घासा, एका दमात उचला आणि फॉर्मवरच्या चौकटीत चिकटवा. प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा पेन्सिल फिरवावी लागते. सतरापैकी एकही अक्षर पुसट आलं तर ती पट्टी टाकून द्या. क्रमांक गंजून पुसला असेल तर तिथे लोखंडी ब्रश मारू नका. चेसिस क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय आला की निरीक्षक गाडी थांबवतो, आणि मग खरं-खोटं सिद्ध करायचं काम तुमचं.

सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र आणि गाडीवर चोरीची नोंद नसल्याचा दाखला. हा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवरून ऑनलाइन काढता येतो. त्यात इंजिन आणि चेसिस क्रमांक आरसीवर जसे आहेत तसेच घाला, कारण एक शून्य इकडेतिकडे झालं तर दाखला दुसऱ्याच गाडीचा होतो.

कलम ४८ नुसार आरटीओने अर्जावर तीस दिवसांत होकार किंवा कारणासह नकार कळवायचा असतो. तसं न झाल्यास एनओसी दिली असं मानलं जातं. कागदावर हे छान वाटतं, पण "मानलेली" एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथला कारकून ऑनलाइन नोंद शोधतो आणि ती नसते. या कलमाचा उपयोग जुन्या आरटीओला लेखी स्मरणपत्र देताना करायचा, इथे भांडायला नाही. अर्जाची पोचपावती त्यासाठीच सांभाळायची.

गाडी विकत घेतली असेल तर

मालक तोच असेल तर एनओसी आणि नव्या नंबरच्या अर्जाचा फॉर्म २७ पुरतो. परराज्यातून दुसऱ्याची गाडी घेत असाल तर विकणाऱ्याच्या सह्या असलेल्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० ची एक लागते. घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची असते. एनओसी विकणाऱ्यानेच काढून द्यावी, असा व्यवहार करा आणि रकमेतला ठळक हिस्सा एनओसी हातात पडेपर्यंत राखून ठेवा. विकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तरी हेच बरं, कारण गाडी कागदोपत्री त्याच्या नावावर आहे तोवर तिचं प्रत्येक चलन आणि प्रत्येक अपघात त्याच्याच दारात येतो.

नवी गाडी शेजारच्या राज्यातून घ्यायची असेल तर तिथे कायमची नोंदणी करूच नका. डीलरकडून तात्पुरती नोंदणी घ्या, तीच ती पिवळ्या पाटीवरची लाल अक्षरं, आणि तिची मुदत संपायच्या आत आपल्या राज्यात कायमचा नंबर घ्या. तिकडे एकदा पूर्ण कर भरून कायम नंबर घेतला की पुढे परताव्याची सगळी वाट चालावी लागते. गोव्यातला कर कमी म्हणून मित्राच्या पत्त्यावर जीए नंबर घेणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ दिसतात. नोंदणीसाठी दिलेला पत्ता खोटा निघाला तर प्रकरण कराच्या वसुलीपुरतं राहत नाही. पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यांवर नोंदलेल्या महागड्या गाड्यांवरून केरळात २०१७ मध्ये गुन्हे दाखल झाले होते. आणि अपघातानंतर विमा कंपनीसुद्धा पत्ता वाचतेच.

परदेशातून स्वतःच्या गाडीने फिरायला येणाऱ्यांचा मामला निराळा आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे परदेशी नंबरची खासगी गाडी तिची नोंदणी, चालकाचं लायसन्स, विमा आणि पीयूसी जवळ ठेवून भारतात चालवता येते, कागद इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतरासह. तिच्यातून स्थानिक प्रवासी किंवा माल नेता येत नाही.

महाराष्ट्रातल्या आरटीओत

इथला अर्ज फॉर्म २७ वर, तोही आधी ऑनलाइन. परराज्यातल्या वाहनाला नवा नोंदणी क्रमांक देण्याचा पर्याय निवडायचा. फाइलमध्ये मूळ एनओसी, मूळ आरसी, मूळ बिलाची प्रत, जुन्या राज्यातल्या कराची पावती, विमा, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा, पॅन, गाडी राज्यात आल्याच्या तारखेचा पुरावा आणि पुन्हा एकदा चेसिस प्रिंट. आल्याची तारीख इथे फार उपयोगाची, कारण उशिराचा दंड आणि कराचं व्याज तिच्यापासून मोजतात. पुरावा नसला तर एनओसीची तारीख धरतात, आणि ती बहुधा तुमच्या गैरसोयीचीच असते.

जुन्या राज्याची नोंद राष्ट्रीय वाहन प्रणालीत नीट असेल तर पडताळणी पडद्यावरच होते. तेलंगणासारख्या राज्याने बरीच वर्षं स्वतंत्र प्रणाली चालवली. तिथल्या जुन्या गाड्यांसाठी कार्यालय पत्र पाठवून खातरजमा करतं आणि फाइल रेंगाळते. तेव्हा तिकडून निघतानाच आरसीच्या नोंदीचा प्रमाणित उतारा घेऊन यावा.

पडताळणीनंतर गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्यायची. तो चेसिस आणि इंजिन क्रमांक, रंग, इंधन, आसनसंख्या आरसीशी ताडतो. काळ्या फिल्म, पुढचा लोखंडी गार्ड, आवाज करणारा सायलेन्सर घरीच उतरवून जा. इंजिन क्रमांक बॅटरीखाली किंवा खाली चिखलात दडलेला असेल तर गॅरेजमध्ये आधी धुऊन उघडा करून घ्या. निरीक्षकाला दिसला नाही तर पुढची तारीख पडते. दुचाकीवाल्यांनी आरसे आणि साडीगार्डची हमखास खात्री करावी.

पास झाल्यावर कर आणि फी ऑनलाइन भरायची, मग नंबर पडतो. जुना आवडता नंबर इथे राहत नाही. पसंतीचा हवा असेल तर त्याची फी वेगळी आणि अर्ज नंबर पडायच्या आत. जुन्या राज्याची उच्च सुरक्षा पाटी काढून नवी लावावी लागते, कारण तिच्यावरचा लेसर कोड जुन्या नंबरशी जोडलेला असतो. स्टिकर मारून अंक बदललेली पाटी म्हणजे सरळ चलन.

बेत बदलला तर

एनओसी निघाल्यावर बदली रद्द झाली तर गंतव्य आरटीओकडून "ही गाडी आमच्याकडे नोंदलेली नाही" असं पत्र आणायचं, ते मूळ एनओसीसह जुन्या आरटीओत देऊन एनओसी रद्द करून घ्यायची. चुकीच्या आरटीओचं नाव पडलं असेल तरी वाट हीच. मधल्या काळात गाडी चालवता येते, जुनी नोंदणी जिवंत असते; जुन्या राज्यात विकून नाव बदलता मात्र येत नाही.

नवा नंबर आल्यावर

विमा कंपनीला नव्या आरसीची प्रत देऊन पॉलिसीवर नोंद करून घ्या. नो क्लेम बोनस तसाच राहतो. विम्यासाठी मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, कोलकाता आणि अहमदाबाद एका विभागात, बाकीचा देश दुसऱ्यात; लहान गावातून पुण्यात आलात तर हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

फास्टॅग जुन्या नंबरला बांधलेला असतो. बँकेकडे नवी आरसी चढवून नंबर बदलून घ्या किंवा तो बंद करून नवा घ्या. तसाच वापरलात तर नाक्यावर कॅमेऱ्याने वाचलेला नंबर जुळत नाही आणि टॅग काळ्या यादीत जातो. सोसायटीचा पार्किंग पास, पीयूसीची पुढची नोंद, पेट्रोल कार्ड हे त्यानंतर सावकाश.

परताव्याचा अर्ज जुन्या आरटीओत करायचा: नवी आरसी, इथे कर भरल्याची पावती, तिकडे भरलेल्या कराची मूळ पावती, एनओसीची प्रत, रद्द केलेला धनादेश. जुनी आरसी इथे जमा होते, तेव्हा ती देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. काही राज्यांत अर्जदाराला स्वतः बोलावतात. तिथे कुणी नातेवाईक असेल तर अधिकारपत्र देऊन काम होतं का ते विचारून घ्या. बँक खातं आरसीवरच्याच नावाचं हवं. संयुक्त खात्यात पहिलं नाव पत्नीचं आणि आरसी पतीच्या नावावर, एवढ्यावरही फाइल परत आलेली आहे.

बहुतेक जण इथवर येऊन कंटाळतात आणि परतावा सोडून देतात. गाडी तीन-चार वर्षांच्या आतली असेल तर सोडू नका, रक्कम मोठी असते. बारा वर्षांची झाली असेल तर तिकडे जायच्या तिकिटाचा खर्च आधी मोजा.